पाठमोरी

तीस वर्षं मी वक्ते मागून पाहिले.
नवी पेठेतल्या या हॉलमध्ये अँप्लिफायरचं टेबल
मंचाच्या मागच्या कोपऱ्यात, पडद्याला लागून,
कारण वायर तेवढीच आहे.
समोरच्यांना चेहरा मिळतो, शाल, श्रीफळ.
मला सदऱ्याची न मोडलेली इस्त्री,
पोडियमआड हळूच काढून ठेवलेली चप्पल,
आणि पायाचा अंगठा, जो दुसरी पोटरी खाजवतो
नेमका मानवी मूल्यांपाशी.

इथले श्रोते माहीत नसतील तर सांगतो.
सहाचं व्याख्यान म्हणजे पावणेसहाला खुर्ची धरणार,
हाताची घडी, मांडीवर कापडी पिशवी,
आणि पहिलं वाक्य संपायच्या आत मागून कुणीतरी
"आवाज येत नाही!"
येत असतो. तरी.

प्राचार्य घैसास पोडियम धरायचे
लकडी पुलावर ब्रेक न लागणाऱ्या लुनासारखा.
गेल्या वर्षी बाणेरहून एक प्रशिक्षक आले,
कॉलरचा माइक स्वतःचा, तळवे उघडे,
तीन पावलं डावीकडे, तीन उजवीकडे,
मग तिसऱ्या रांगेतल्या एकाच्या डोळ्यांत चार सेकंद.
मी मोजले. चारच.
पाचवा त्या गृहस्थांना हवा असावा;
उरलेला तासभर ते पंख्याकडे बघत बसले.

आणि मग त्या सोमवारी सिंधू पासलकर.
पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
पत्रिकेत विषय: मुठेची पातळी, काही आठवणी.
उंची पोडियमपेक्षा वीतभर जास्त,
म्हणजे पहिल्या रांगेला कपाळ आणि चष्मा.
मी माइक खाली वाकवला, तो कुरकुरला,
त्या त्याला "सॉरी" म्हणाल्या.
कुणी हसलं नाही.
हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना.
पदर, पर्स, पाण्याचा पेला, परत पदर.
वहीतून वाचत राहिल्या, अमुक साली इतके फूट,
तमुक साली तितके.
खुर्च्या वाजायला लागल्या.
एका आजोबांनी खिशातल्या किल्ल्या काढून तपासल्या.

तेवढ्यात कुणीतरी, चिठ्ठीबिठ्ठी न पाठवता:
"पण रात्री पट्टी दिसायची कशी हो?"

त्या थांबल्या. चष्मा सारखा केला.
"खडकवासल्यातून पाणी सोडलं ना, की अशी,"
म्हणाल्या,
आणि वळल्या.

वही तिथेच. माइक तिथेच.
अख्ख्या हॉलला पाठ,
जिच्यापायी नाटकातली पोरं शिव्या खातात.
उजव्या हातात बॅटरी, जी नव्हती.
डावा कठड्यावर, जो नव्हता.
गुडघे किंचित वाकलेले, मान पुढे.
आणि झोत खाली सरकत सरकत
माझ्या टेबलाच्या पायाशी येऊन थांबला.

तीस वर्षांत पहिल्यांदा
वक्त्याचं तोंड माझ्याकडे.
अभिनय म्हणाल तर नव्हता.
बाई आकडा शोधत होत्या.
सापडला, तसा चेहरा उतरला.
"अकरा," त्या म्हणाल्या, जवळजवळ स्वतःशीच,
"साडेअकरा... खालच्या वस्तीत कुणीतरी जा रे."
माइक सहा फूट लांब,
माझ्या यंत्रावरची सुई मेल्यासारखी पडलेली,
आणि त्यांच्या खांद्यावरून मला हॉल दिसला:
हातांच्या घड्या कधीच्या सुटलेल्या,
बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर,
दीडदोनशे माणसं माना ताणून
माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत होती,
जिथं पाणी चढत होतं.

आवाज वाढवायला हवा होता.
माझं कामच ते, त्याचेच पैसे घेतो.
पण मागून कुणी ओरडलं नाही,
आणि मी
पाय वर घेऊन बसलो होतो.
चप्पल खालीच राहिली.